नैवेद्याच्या पानातील मिठाची जागा

जो अन्नरूपाने भूमीतून उगवतो आणि जठरात अग्नी होऊन तेच अन्न पचवितो, त्या नारायणाच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. त्याची कृपा असेल तर या वृद्धाच्या हातून चार ओळी नीट उतरतील. लेख एका डॉक्टरांच्या गौरवाचा आहे. परंतु माणूस काय खातो आणि पुढे त्याच्या जठराचे काय होते, या एकाच प्रश्नामागे त्यांनी आयुष्याची उत्तम वर्षे घातली असल्यामुळे आरंभ अन्नाच्या स्मरणाने करणे मला उचित वाटले.

डॉ. वत्सलाताई फुलसुंदर यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे माहेर शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकच्या अलीकडे. वडील शेवंती आणि झेंडू लावीत, आई भाजीपाला पाही. ताईंचा दवाखाना मात्र दौंडला, रेल्वे वसाहतीच्या जवळ. दोन्ही तालुक्यांतील किती घरांत त्यांचे पाऊल लागले असेल, याची गणना त्यांनाही करता येणार नाही. त्यांना माणसांची नावे आठवत नाहीत, हा त्यांचा प्रसिद्ध दोष. "ते दुपारच्या जेवणात दोन फोडी लोणचं घेणारे गृहस्थ आले होते," असे त्या सांगतात, आणि ऐकणाऱ्याने नाव ओळखायचे.

माझा त्यांचा परिचय झाला तो वरवंडच्या देवळातील माझ्या एका प्रवचनामुळे. श्रावणातील एकादशी होती. मी तेथे चातुर्मासात प्रवचन करीत असे, अजूनही करतो. त्या दिवशी उपवासाच्या आहाराविषयी बोलताना मी सैंधवाची, म्हणजे शेंदेलोणाची, मोठी स्तुती केली. "सैंधव हे साधे मीठ नव्हे. ते उपवासाला चालते, पित्ताला शमविते. ते कितीही घ्या, बाधत नाही," असे शब्द माझ्या तोंडून गेले. यांतील पहिल्या भागाला जुन्या वैद्यकाचा आधार आहे. 'कितीही घ्या' हे शब्द मात्र माझ्या पदरचे होते. बोलण्याच्या भरात वक्ता शास्त्राला आपली एक ओळ जोडून देतो आणि ती ओळ कोणाची हे श्रोत्यांना कळत नाही. व्यासपीठावरचा हा दोष मला तेव्हा ठाऊक होता, पण तो माझ्यात आहे हे ठाऊक नव्हते.

वत्सलाताई त्या काळात सवड मिळेल तशी गावोगावच्या घरांतून आहाराची माहिती वहीत उतरवून घेत होत्या. जठराच्या कर्करोगाचे रुग्ण त्यांच्याकडे येत ते फार उशिरा येत. म्हणून आपल्या भागातील माणसे मीठ किती खातात, लोह, जस्त, कॅल्शियम त्यांच्या पोटात कशातून जाते, याचा अंदाज त्यांना हवा होता. "एवढ्याशा घरांवरून काही सिद्ध होत नाही, गुरुजी," असे त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितले, "पण काय विचारायचं ते तरी समजतं."

काय विचारायचे, हे त्यांना समजले पारूबाईंच्या स्वयंपाकघरात. पारूबाई देवळातील भंडाऱ्याचा स्वयंपाक सांभाळतात. पुढील संवाद त्यांनीच मला साभिनय ऐकविला आहे.

"उपासाच्या दिवशी मीठ किती खाता?" ताईंनी विचारले.

"उपासाला? अगं बया, उपासाला मीठ न्हाई खात आमी!"

ताईंनी वहीत शून्य लिहिले. त्याआधीही त्यांनी घरोघरी तेच उत्तर ऐकून तेच शून्य लिहिले होते. तेवढ्यात त्यांचे लक्ष चुलीशेजारच्या डब्याकडे गेले. पारूबाई त्यातून मूठभर गुलाबी भुकटी घेऊन भगरीच्या आधणात टाकीत होत्या.

"आणि हे काय?"

"सैंधव. उपासाचं हाय."

"चवीला कसं लागतं हो?"

"कसं लागायचं? खारट!" पारूबाई म्हणाल्या, आणि क्षणभराने स्वतःच हसू लागल्या. "आन् डाक्टरताई, आमच्या गुरुजींनीच सांगितलंय, कितीबी घ्या म्हून. म्हंजी मी जरा हात सैलच सोडती."

आमच्याकडे आठवड्यातून दोन दोन उपवास करणारी घरे आहेत. त्या दिवशी खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि मिरचीचा ठेचा असतो, आणि प्रत्येकात सैंधव पडते. जे मीठ उपवासाला चालते ते मीठच नव्हे, अशी आम्हा सर्वांची समजूत होती. ती आम्ही इतक्या निर्मळ मनाने डॉक्टरांना सांगितली, की त्यांची वहीही आमच्याबरोबर उपवास करू लागली. ताईंनी त्या रकान्यातील सगळी शून्ये खोडली आणि सर्व घरांत पुन्हा फिरल्या. प्रत्येक घरी प्रथम सांगितले, "मागच्या वेळी माझा प्रश्न चुकला होता." उत्तर चुकले असे त्या कुठेही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या स्वभावाचे वर्णन करायला मला ही एकच गोष्ट पुरेशी वाटते.

पारूबाईंकडे गेल्या त्याच आठवड्यात त्या मला भेटायला आल्या. मला राग आला होता, हे येथे कबूल करतो. मी त्यांना सैंधवाचे गुण पाठ म्हणून दाखविले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गुरुजी, सैंधव चांगलं की समुद्राचं मीठ चांगलं, या वादात मी पडत नाही. पोटात गेल्यावर दोन्ही बहुतांशी एकच. जठराच्या आतलं अस्तर फार नाजूक असतं. रोज वर्षानुवर्षं जास्त खारट खाल्लं की ते दुखावतं. त्यात पुष्कळांच्या पोटात एक जंतू वस्तीला असतो, तोही त्याच अस्तराला त्रास देतो. दोन्ही मिळून काहींच्या बाबतीत पुढे कर्करोगाकडे वाट जाऊ शकते. सगळ्यांच्या नाही."

"मग माझे काय चुकले?" मी विचारले.

"दोनच शब्द. 'कितीही घ्या.'"

मी त्यांना पुन्हा येण्याविषयी सांगितले आणि त्या आल्या. त्या वर्षभरात आमच्या पाच-सहा बैठका झाल्या. मी त्यांना कारण आणि कार्य यांविषयी न्यायशास्त्र काय म्हणते ते सांगे. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा आमच्याकडील जुना विचार त्यांना फार आवडला. "आमचं सगळं भांडण याचंच तर आहे," त्या म्हणाल्या. "कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तात लोह कमी सापडतं. आता लोह कमी म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून लोह कमी पडलं?" मी हा प्रश्न तर्काचा नमुना म्हणून मनात ठेवला. तो माझ्याच घरात येऊन बसला आहे, याची मला कल्पना नव्हती.

माझे धाकटे बंधू नारायणराव रेल्वेत नोकरीला होते. दौंडच्या शेडमध्ये त्यांनी फिटर म्हणून हयात घालविली. डब्यात भाकरी, खडे मीठ घालून वाटलेला ठेचा आणि ताकात खारवून वाळविलेल्या मिरच्या, हा त्यांचा नित्याचा आहार. निवृत्तीनंतर उपवास वाढले, आणि उपवासाला थोरल्या भावाने सांगितलेले सैंधव. त्या वर्षी माघापासून त्यांना जिना चढताना दम लागू लागला. चेहरा पांढरट दिसे. तपासणीत रक्त कमी निघाले. मी पाडव्यानंतर त्यांना औषधांच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. पुढे त्यांनी संकोचाने सांगितले, की शौचास काळे होते. "लोहाने होतेच तसे," मी निःशंकपणे म्हणालो. ते सत्यही आहे. म्हणूनच ते घातक ठरले असते.

वैशाखातील एका सकाळी वत्सलाताई आमच्याकडे आल्या तेव्हा नारायणरावही घरी होते. चहा पुढे आला. ताईंनी कप हातात घेतला, नारायणरावांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कप खाली ठेवला. दम, थकवा, वजन, भूक, गोळ्या, सगळे विचारून झाले. मग त्यांनी विचारले, "शौचाला काळं केव्हापासून होतं?"

"ताई, चहा तरी घेऊ द्या की," नारायणराव हसून म्हणाले.

"घ्या. पण सांगा. गोळ्या सुरू झाल्यावर, की त्याआधी?"

नारायणरावांनी आठवून पाहिले. "आधीपासनं. संक्रांतीला तिळगूळ वाटत होतो ना, तवापासनं कधी कधी. दादांना सांगितलं ते मागाहून."

ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, आपण बोललो होतो ते आठवतं? लोह कमी म्हणून हा अशक्तपणा आहे, असं आपण धरून चाललो. यांचं रक्त आत कुठंतरी झिरपत असेल, तर लोह त्याच्याबरोबर चाललंय. गोळ्यांनी फक्त खूण झाकली. उद्या दुर्बिणीनं जठर पाहायला हवं. उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या डेमू गाडीने आम्ही तिघे दौंडहून पुण्यास गेलो. दवाखाना बंद ठेवून त्या आल्या. मी मनात नाम घेत होतो. गाडीत त्यांनी नारायणरावांना शेडमधल्या इंजिनांविषयी इतके प्रश्न विचारले, की उरुळी येईपर्यंत त्यांची भीती निम्मी झाली असावी. "ताई, इंजिन बिघडलं तर आमी आधी झाकण खोलून बघायचो. वरनं तेल वतीत न्हाई बसायचो," ते म्हणाले. "मग आज तुमचं झाकण खोलू," ताईंनी उत्तर दिले. शेजारच्या बाकावरचे प्रवासीदेखील हसले.

दुर्बिणीत जठराच्या खालच्या भागात व्रण दिसला. त्याचा तुकडा तपासला गेला आणि कर्करोग ठरला. तो अद्याप आसपास पसरला नव्हता. शस्त्रक्रियेत जठराचा बराचसा भाग काढावा लागला, पुढे औषधोपचार झाले. त्या गोष्टीला आता सहा वर्षे होतील. नारायणराव आज आमच्यात आहेत, थोडे थोडे सहा वेळा खातात, आणि म्हणतात, "पोट एवढंसं ऱ्हायलंय की आग्रह करणाऱ्याचीच आता पंचाईत." गोळ्यांवर आणखी काही महिने गेले असते तर काय झाले असते, हा विचार मी अजूनही पूर्ण करीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर एकदा मी ताईंना एकांतात विचारले, "माझ्या सांगण्यामुळे याला हा रोग झाला का?" मला शिक्षा हवी होती किंवा सुटका. त्यांनी दोहोंपैकी काहीच दिले नाही.

"गुरुजी, पुष्कळ माणसांचा एकत्र विचार केला, तर जास्त मिठाने धोका वाढतो, असं म्हणायला चांगला आधार आहे. पण या एका माणसाला कशामुळं झालं, हे मला सांगता येत नाही. त्या जंतूमुळं असेल, चाळीस वर्षांच्या डब्यामुळं असेल, आणखी कशानं असेल. हो म्हटलं तरी मी खोटी ठरेन, नाही म्हटलं तरी."

असे सत्य ऐकणे सोपे नसते. सांगणे त्याहून कठीण असावे. ताईंनी ते कोणालाही सांगताना कमी-जास्त केलेले मी पाहिले नाही. एका व्यापाऱ्याने जस्त आणि सेलेनियमची भुकटी आणून, ती घेतल्यास पोटाचा कर्करोग होत नाही असे लिहून देण्याची विनंती केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "कमतरता असेल तर भरून काढावी, हे मी लिहून देईन. पुढचं वाक्य मला ठाऊक नाही, ते कसं लिहू?" गावकऱ्यांनी विचारले, "आमच्या बोअरचं पाणी मचूळ हाय, त्यानं होतंय का?" तेव्हाही उत्तर तसेच. पाणी तपासून घ्या, त्याची व्यवस्था मी करते. पण नुसत्या मचूळ चवीवरून रोगाचा दोष पाण्यावर टाकू नका. ठाऊक आहे आणि ठाऊक नाही यांच्यामधील रेघ त्यांच्याइतकी स्वच्छ ओढणारे पंडितही मी थोडेच पाहिले.

चातुर्मास पुन्हा आला. ज्या व्यासपीठावरून मी ते दोन शब्द बोललो होतो तेथेच ते मागे घेणे प्राप्त होते. मी काय सांगावे हे ताईंना विचारले. सोडियम आणि अस्तर या गोष्टी माझ्या तोंडी शोभणार नव्हत्या.

त्यांनी उलट मलाच विचारले, "गुरुजी, माझी आई देवाला नैवेद्य दाखवायची, तेव्हा त्या पानात मीठ वाढायची नाही. तुमच्याकडंही तसंच ना?"

"सर्वत्र तसेच. देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत."

"मग तेवढंच सांगा. शिजवताना पडलं तेवढं पुरे. देवाच्या पानात वरून वाढत नाही, ते माणसाच्याही वाढू नये."

आठ दशकांच्या आयुष्यात मी किती नैवेद्य दाखविले असतील. पानाच्या वरच्या कडेची ती मोकळी जागा रोज माझ्या समोर होती. एका डॉक्टरांनी ती मला दाखविली.

एकादशीच्या दिवशी मी व्यासपीठावरून चूक सांगितली. सभेत जरा चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतले वयोवृद्ध सखाराम आप्पा उठून म्हणाले, "गुरुजी, मागल्या साली तर कितीबी घ्या म्हणला हुता!"

"होय आप्पा, म्हणालो होतो. ते शास्त्रात नव्हते, माझे होते. मी चुकलो."

"मंग आता आमच्या ठेच्याचं काय करायचं?"

बायकांच्या बाजूने ताईंचा आवाज आला, "ठेचा खा आप्पा, पण मिठाचा हात आखडा. आणि पोट महिनामहिना दुखत असेल तर ओव्याची फक्की मारत बसू नका, दाखवायला या."

"हिला बरं कळलं ओवा खातोय ते!" आप्पा खाली बसता बसता पुटपुटले. सभा हसली, परंतु पुढच्याच सोमवारी ते दौंडच्या दवाखान्यात हजर होते. त्यांचे दुखणे साधे निघाले. पारूबाईंनी त्या दिवसापासून भंडाऱ्याच्या पंगतीत मिठाचे वाढप बंद केले. पहिल्या पंगतीला चार जणांनी मीठ मागितले. "द्येवाला न्हाई वाढलं, तुमी त्याच्याहून मोठं व्हय?" असे विचारून त्या पुढे गेल्या. आता उपवासाच्या भगरीतही त्या चमच्याने मोजून सैंधव घालतात आणि वत्सलाताई दिसल्या की तो चमचा उंच करून दाखवितात.

आणखी एक लिहून थांबतो. नारायणराव रुग्णालयात होते त्या पंधरा दिवसांत माझ्या भावजयीच्या हातचे जेवण ताई एक दिवसाआड दौंडहून पुण्याला पोहोचवीत. मी आभार मानू लागलो तेव्हा म्हणाल्या, "त्या निमित्तानं तुमच्या घरचं वरण चाखते. मीठ बरंच कमी झालंय." त्यांच्या प्रेमाची भाषा ही अशी आहे. तिच्यात तपासणी असतेच.

या महिन्यात शिरूरला त्यांच्या षष्ट्यब्दीचा समारंभ आहे. भोजनाची जबाबदारी पारूबाईंकडे आहे, आणि वाढायला नारायणराव उभे राहणार आहेत. स्वतः चार घास खाणारा माणूस शेकडो पानांवर वाढणार. मी त्यांना म्हणालो, थकाल. ते म्हणाले, "दादा, ज्या ताईंमुळं पंगतीत हाय, त्यांच्या पंगतीत बसून राहू व्हय?" मिठाचे भांडे त्या दिवशी मांडवात येणार नाही. त्या दिवशी प्रत्येक पान नैवेद्याचे समजावे, अशी माझी उपस्थितांस प्रार्थना आहे.

वत्सलाताईंना परमेश्वर दीर्घ आयुष्य देवो. त्यांचे पाय या दोन तालुक्यांच्या वाटांवर चालते राहोत, दृष्टी अशीच तीक्ष्ण आणि जीभ अशीच सत्य राहो. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याचे त्यांचे धैर्य त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांतही उतरो.

आणि हे वाचणाऱ्या सर्वांना या वृद्धाचा आशीर्वाद. तुमचा जठराग्नी सौम्य आणि प्रदीप्त राहो. भूक मंदावली, वजन उतरू लागले, शौचास काळे होऊ लागले, तर ते संकोचाने लपवून न ठेवता वेळीच सांगण्याची बुद्धी तुम्हांस होवो. तुमच्या पानातील मिठाची ती जागा मोकळी राहो. तुमच्या पंगतीतील पाट मात्र एकही मोकळा न पडो.